विमान पडलं तेव्हा मी पाचट पेटवलं होतं

काष्टीच्या बाजारात त्या आठवड्यात एकच विषय होता, आमच्या शिवारात पडलेलं शिकाऊ विमान. जो तो तज्ज्ञ! कुणी म्हणे तेल संपलं, कुणी म्हणे घार आडवी आली. चहाच्या टपरीवर तर निकालच लागला होता, "चालवाय पोरगी हुती ना, घाबरली असंल."

माझं डोकंच फिरलं. पट्टा सोडवून तिला मीच बाहेर काढलं होतं. माझ्या नातीच्या वयाची. पाय मोडलेला, तोंडावर माती, आणि पहिला प्रश्न काय, तर "काका, माझं काय चुकलं?" मी तिला बांधावर टेकवलं. मला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक म्हणजे विमान खाली येण्याआधी त्याचं इंजिन अडखळत होतं; डिझेल पंपापाशी हयात गेली माझी, एवढं कानाला कळतं. दुसरी म्हणजे त्याच वेळी मी ऊस तुटल्यावर रानात राहिलेला वाळला पाला, पाचट, पेटवलं होतं. खाली येताना ज्या बाभळीला पंख अडकला, ती माझ्या धुरात बुडाली होती.

पाचट जाळायला बंदी आहे. तरी आम्ही जाळतो, आणि कुणी विचारलं की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, "आपोआप पेटलं."

चौकशीचे साहेब आले त्या दिवशी धाकट्या भावानं मला गोठ्यामागं ओढलं. "दादा, इंजिनाचं सांग की. पेटवल्याचं कशाला? आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो व्हय?"

"आरं, अर्धंच सांगायचं तर जाऊच कशाला?"

साहेबांनी इंजिनाचं लिहून घेतलं. मग विचारलं, "तेव्हा तुम्ही काय करत होता?"

भाऊ मुद्दाम खोकला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू! पण खरं ते सांगून टाकलं. "पाचट पेटवलं हुतं. मीच. धूर तिच्या वाटेत हुता."

"म्हणजे धुरामुळं पडलं?"

"ते तुमी शोधा, साहेब. मी पाहिलं आन् केलं तेवढं सांगतो."

अहवाल अजून यायचाय. दंड यायचा तेव्हा येईल. टपरीवर आता माझ्या नावानं शिमगा चाललाय, चालू द्या.

परवा पोरीला बघायला दवाखान्यात गेलो. तिनं मला ओळखलं आणि पुन्हा तेच विचारलं.

"माझं काय चुकलं ते मी सांगून आलोय, बाळा," मी म्हणालो. "तुझं त्यांना शोधू दे."