लाल शाईची बाटली

उन्हाळ्याच्या सुटीत औरंगाबादेहून गावी आलो, तेव्हाच लघवीला जळजळ सुरू झाली होती. आमच्याकडे याला उन्हाळी लागणं म्हणतात. आईला सांगितलं असतं तर तिनं धने भिजत घातले असते आणि बेंबीवर ओली माती थापली असती. पण माझं दुखणं मला निराळं वाटत होतं. बसलं की अगदी आत, खाली, खडा रुतल्यासारखं टोचायचं. धार तुटत तुटत यायची. वसतिगृहातली मुलं अशा दुखण्याबद्दल कुजबुजत. कुणी म्हणे, असा मुलगा वाळत जातो. कुणी म्हणे, त्याला मूलबाळ होत नाही. मी कधी वाईट ठिकाणी गेलो नव्हतो. तरी हे तेच असेल, या भीतीनं जेवण उतरत नसे.

मग मी पाणी पिणंच सोडलं. पाणी नाही तर जाणंही नाही, असं मला वाटलं.

सकाळी गावातले पुरुष तांबे घेऊन ओढ्याकडे सोबतीनं जात. मी मागे राहू लागलो. एकदा धाकटे काका लांबून ओरडले, "काय रे कालेजवाल्या, तितं बसून परीक्षा द्यायलास का?" सगळे हसले. परतताना काकांनी माझा चेहरा पाहिला. त्यांनीच वडिलांना सांगितलं.

वडील एवढंच म्हणाले, "तितलं पाणी बाधलं. गंगाखेडच्या हकीमाला दाखवा. त्यो नको म्हणला तर कालेज बंद."

आमच्या घरातून शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच. म्हणजे आता जीव आणि कॉलेज, दोन्ही हकीमसाहेबांच्या हाती होतं.

ते कारूरा पाहून निदान करत. कारूरा म्हणजे सकाळची पहिली लघवी, काचेच्या बाटलीत. घरात काचेची बाटली एकच होती, माझ्या लाल शाईची. ती राखेनं घासून लख्ख केली, अंधारातच भरली, बूच लावलं आणि फडक्यात गुंडाळून छकड्यात मांडीवर धरली. काका छकडा हाकत होते, वाट खडबडीत होती. बाटली आत डुचमळत होती.

हकीमसाहेबांनी फडकं सोडलं, बाटली खिडकीशी धरली आणि उजेडात फिरवून पाहिली. मग हळूच विचारलं, "मियाँ, खून आता क्या?"

बाटलीतलं पाणी तांबूस झालं होतं. काकांनी वाकून बाटलीकडे पाहिलं. "आरं द्येवा," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. पहाटे अंधारात मी काहीच पाहिलं नव्हतं. आता सगळं संपलं, असं मी धरून चाललो. वडिलांना काय सांगायचं, हेसुद्धा ठरवू लागलो.

हकीमसाहेबांनी बूच काढलं. त्यांचा अंगठा लाल झाला. त्यांनी तो पाहिला, बूच पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "इसमें क्या था?"

"शाई," मी म्हणालो. बाटली धुतली होती, बूच धुवायचं राहिलं होतं.

"फिर स्याही का इलाज मेरे पास नहीं," ते म्हणाले, आणि काकांना बाहेर बसायला सांगितलं. आपल्या स्वच्छ काचेच्या भांड्यात त्यांनी पुन्हा कारूरा घ्यायला लावला. तो गढूळ, गर्द पिवळा होता. आमच्या संस्थानात शिक्षण उर्दूतच होई, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती, तरी मुलं काय म्हणतात ते मी अडखळत सांगितलं. पाणी सोडल्याचंही सांगितलं.

"पानी छोड़ दिया? आग लगी और घड़ा फोड़ दिया?" ते म्हणाले, मूत्राशयाखाली सूज आहे, तरुण मुलांनाही येते, यात लाजण्यासारखं काही नाही. गोखरूचा काढा, काकडीच्या बिया, भरपूर पाणी. "डरो नको. पर बुखार आया, या सच में खून दिखा, तो मेरी राह नको देखो. सीधे परभनी के दवाखाने जाओ."

त्या 'पर'नं माझी भीती जागीच ठेवली. वाटेत काका दर ओढ्याशी छकडा थांबवून म्हणत, "पी." थोडं पुढं गेलं की, "उतर." मी उतरे आणि मातीवरचा रंग पाहत राही.

वडील दारातच उभे होते. "काय म्हणला?"

"रगत न्हवतं, शाई होती," काका बैल सोडत म्हणाले. "जाऊ द्या त्येला कालेजात. हितं ठिवलं तर शाईच मुतंल."

वडील हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभे राहिले.

सुटी संपल्यावर मी औरंगाबादेला गेलो. जळजळ हळूहळू गेली. पण पुढं कितीतरी दिवस, खाली पाहण्याआधी मी क्षणभर डोळे मिटून घेत असे.