जनूभाऊंनी बनवलेलं सील

रामवाडीतल्या एका बोर्डावर दोन मीटर होते आणि दोन्ही मीटरच्या सीलवर एकच नंबर. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. तोच.

सील म्हणजे मीटरच्या झाकणाला लावलेलं नखाएवढं प्लास्टिकचं कुलूप. एकदा लावलं की तोडल्याशिवाय निघत नाही, आणि प्रत्येकाचा नंबर वेगळा. म्हणजे यातलं एक नकली होतं. मी तेव्हा वीज कंपनीत पेणला इंजिनिअर होते.

जागा रोह्याच्या एका काकांची. एक मीटर त्यांच्या बंद घराचा, दुसरा बाजूच्या शेडचा. शेडमध्ये जनूभाऊ भाड्याने गणपतीचा कारखाना चालवायचे. नियमाप्रमाणे मी दोन्ही मीटर काढून पिशवीत सीलबंद केले. सण महिन्यावर आलेला. स्प्रेचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि कारखान्यातले सगळे गणपती पांढरेच राहिले. मला वाईट वाटलं, पण करणार काय?

मी काकांना फोन लावला.

"भाडेकरूचंच काम ते. मी रोह्यात असतो. करा केस त्याच्यावर, मला शेड रिकामीच करून पाहिजे."

"काका, बिल तुमच्या नावावर येतं."

"बिल नावावर म्हणजे चोरीपण नावावर?"

प्रश्न बरोबर होता. वीजचोरीचा गुन्हा लागतो तो करणाऱ्याला, तोही हेतू वाईट असेल तर. पण करताना कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून पहिला संशय वीज वापरणाऱ्यावर जातो, आणि बिलावर ज्याचं नाव त्यालाही उत्तरं देत बसावं लागतं.

लॅबमध्ये दोन्ही मीटर अगदी बरोबर चालले. झाकण उघडल्याची नोंद मीटरच्या मेमरीत नव्हती. राहिला प्रश्न, नकली सील कुठलं? रजिस्टर काढलं. शेडच्या मीटरसमोर तोच नंबर लिहिलेला, आणि खाली घराच्या मीटरसमोर नुसतं 'वरीलप्रमाणे'. आमच्याच माणसाचं अक्षर, दोन्ही सीलांना एकच नंबर लिहून मोकळा. मी कपाळाला हात लावला.

आमच्या साहेबांनी भिंग घेतलं. "हे बघा, शेडच्या सीलवरची अक्षरं कशी ठसठशीत आहेत. हे आपलं. घराचं पुसट आहे, ते नकली."

झालं. नोटीस रोह्याला गेली. दुसऱ्या दिवशी काका घामाघूम होऊन ऑफिसात. "अहो मॅडम, त्या घरात वर्षभर दिवा लागत नाही. मी वीज चोरून करू काय?"

जनूभाऊ तेव्हा आपला मीटर परत मागायला आले होते. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि त्यांचा चेहराच पडला.

"मॅडम, ह्ये चुकलंय. चांगलं हाय ते सील मी केलेलं."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मोठी मूर्ती भायेर काढताना गणपतीचा हात बोर्डाला लागला, सील तुटलं. काका म्हनलेले, मीटरला काय झालं तर शेड खाली कर. मंग मी बाजूच्या सीलचा रबरी साचा काढला आन् त्यात दुसरं ओतलं."

साहेबांना पटेना. "जनूभाऊ, तुम्ही तर सुटला होतात. कशाला बोललात?"

"सायेब, पेणात साचा कोन काढतं ते सगल्यांना ठाव हाय. नकली म्हनल्यावर लोक माझंच नाव घेनार. ते असलं पुसट काम माझ्या नावावर लागलं तर मला ऑर्डर कोन देईल?" मग काकांकडे बघून हळूच म्हणाले, "आन् काकांना पन उगीच तरास."

"पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"कडेला नख फिरवा. साच्याची जोड हाय. मी घासली, तरी लागंल."

मी नख फिरवलं. लागली.

साहेबांनी सगळं वरच्या ऑफिसला लिहून कळवलं. मीटर बरोबर चालत होता, म्हणून चोरी निघाली नाही. सील तोडणं आणि नकली लावणं हा मात्र वेगळा गुन्हा. जनूभाऊंनी लेखी कबुली दिली, दंड भरला, कडक ताकीद ऐकून घेतली. चार दिवसांनी मी स्वतः जाऊन दोन्ही मीटर लावले. काका शेडमध्ये रंगाच्या डब्यावर बसून चहा पीत होते. शेड रिकामी करायचा विषय त्यांनी काढला नाही.

तेव्हा सांगते. मीटर कोणाच्याही नावावर असो, सील तुटलं तर त्याच दिवशी लेखी कळवा. स्वतः दुरुस्त करू नका, आणि हात चांगला असेल तर मुळीच नको.