काट्यावरचं सील

घरी रेडिओ ठेवायलाही सरकारी लायसन्स लागायचं त्या काळी, रेडिओ लायसन्सच्या आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठायच्या: जप्त केलेले रेडिओ आणि किस्से. रेडिओ लोक पुढेमागे सोडवून न्यायचे. किस्से न्यायला कोणीच आलं नाही, म्हणून नोकरी सोडली तरी ते माझ्याकडेच पडून आहेत. सांगायला बसलो की मित्र हसतात. मीही हसतो, पण शेवटपर्यंत नाही.

कॉलेजातून थेट मी त्या ऑफिसात गेलो, डोक्यात क्रांती घेऊन! पहिल्याच दिवशी हेडसाहेबांना, म्हणजे बोंद्रेसाहेबांना विचारलं, "साहेब, आवाज हवेतून येतो. हवेला कसलं लायसन्स?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हवेला नाही. डब्याला."

शेजारच्या टेबलावरचे जुने इन्स्पेक्टर भोयर कानाशी आले. "चूप बस गा! तू आयडिया देशील अन् हे उद्या हवेलेही लावतीन!"

*

नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या गल्लीत आम्ही शिरलो की पहिला दुकानदार परातीवर पळी आपटायचा. त्यासरशी गल्लीभर चाललेलं गाणं दुकानामागून दुकान बंद पडत जायचं. एकदा सगळी गल्ली गप्प झाली, तरी एक रेडिओ जोरात चालूच!

"हा एकटा प्रामाणिक माणूस दिसते," भोयर म्हणाले.

जवळ गेलो तर म्हातारा मालक ठार बहिरा. परात त्याला ऐकूच आली नव्हती! भोयरांनी हातवारे करत, ओरडून विचारलं, "तुमाले ऐकू येत नाही, मंग रेडिओ काहून लावता?"

"गिऱ्हाईक थांबते ना जी!"

*

खापरखेड्याच्या कॉलनीत एका बाईंनी आम्हाला पाहून ट्रान्झिस्टर गव्हाच्या कोठीत लपवला. घाईत बंद करायचा राहिला. आम्ही पाणी पीत होतो आणि कोठीतून बातम्या सुरू!

"बाई," भोयर गंभीरपणे म्हणाले, "तुमचे गहू बातम्या देऊन राहिले वं!"

त्याही हसल्या. मग रेडिओ काढून देताना म्हणाल्या, "हे ड्युटीवर गेले की घरात दुसरा आवाज नसतो जी." भोयरांचं हसू तिथेच थांबलं. रेडिओ मात्र आमच्यासोबत आला. नियम होता.

*

नियम म्हणजे बोंद्रेसाहेब. बिनलायसन्स रेडिओवरचं सील ते दुसऱ्या कोणाला ठोकू देत नसत. लाख तापवायची, नेमका थेंब सोडायचा, शिक्का दाबायचा, फुंकर मारायची. थेंब कधी केसभर इकडेतिकडे गेला नाही.

दिवाळीला त्यांचे जावई नवा कोरा ट्रान्झिस्टर घेऊन आले. लायसन्स अजून काढलेलं नव्हतं. साहेबांनी जावयाच्या देखत बटणावर सील ठोकलं, मग हात धुऊन आग्रहाने चिरोटे वाढले. मुलगी रडायला लागली.

"रडतेस कशाला?" साहेब म्हणाले. "चिरोट्यांना लायसन्स लागत नाही!"

*

लछमनदास इतवारीतले धान्याचे व्यापारी. फाळणीत सिंधमधून आलेले, थकलेले सिंधी गृहस्थ. रोज दुपारी ते सीमेपलीकडचं एक केंद्र लावून तिकडचे धान्याचे भाव ऐकायचे. लढाई सुरू झाली आणि तिकडची केंद्रं ऐकायची नाहीत, असं फर्मान निघालं. कोणीतरी तक्रार केली. रेडिओ जप्त करायला आम्ही गेलो.

"तिकडचे भाव इथे काय कामाचे?" मी विचारलं.

"भाव नाही ऐकत, बेटा. भाव सांगताना तो आमच्या गावाचं नाव घेतो. बस, उतनाही."

लढाई संपली तरी रेडिओ आमच्या फळीवरच. लछमनदास येऊन बाकावर बसायचे, फळीकडे पाहायचे, निघून जायचे. मी सगळ्यांशी भांडत होतो. शेवटी वरून तोडगा आला: रेडिओ परत द्या, पण काटा नागपूर केंद्रावर सील करून. दुसरं काही लागताच कामा नये!

"साहेब, हे पाप आहे," मी ओरडलो. "एकदा तरी नाही म्हणा!"

"लाख तापव," बोंद्रेसाहेब म्हणाले.

मी लाख तापवली. आमच्याकडे पाठ करून साहेबांनी सील ठोकलं, फुंकर मारली. मी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. निघताना साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढे काही महिन्यांनी भोयर इतवारीत भेटले. लछमनदासांचं सील तपासायला निघाले होते. मीही सोबत गेलो. बोंद्रेसाहेब तोवर रिटायर होऊन मुलाकडे दूर कुठेतरी गेले होते.

सील जसंच्या तसं होतं. लछमनदासांनी रेडिओ लावला. नुसती खरखर!

मी वाकून पाहिलं. काटा नागपूरपासून चांगला बोटभर लांब होता. लछमनदासांच्या जुन्या केंद्राच्या जागेवर. वर आमच्या ऑफिसचा शिक्का, केसभर न हललेला.

मी भोयरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. "माह्या डोळ्याले आता दिसत नाही गा."

"मग तिकडचं केंद्र का लागत नाही?" मी विचारलं.

"लढाईनंतर तिकडच्या केंद्रवाल्यांनी आपली जागा बदलली म्हणतात," लछमनदास म्हणाले.

मी खिशातून चाकू काढला. "आणा, लाख फोडतो. कुठे गेलेत ते शोधू."

त्यांनी सीलवर हात ठेवला. "नको, बेटा. साहेबांनी जागा बरोबर धरली आहे. हलले ते तिकडचे."

दुपारच्या भावांची वेळ झाली होती. लछमनदासांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज थोडा वाढवला.