पहिली अक्षत उघाडीला

इकडे ये बाय, अशी जवळ बस. मेलबर्नहून कुठली येऊन बसतेस म्हणा, पण लिहिताना मी तुला समोर पाटावर बसवलंच आहे. आधी कान धर. घराण्याचं चिन्ह म्हणून तो सिंह पाठवलास, तो कुठून आणलास? हातात तलवार, डोक्यावर मुकुट. म्हणे वेबसाइटवर आडनाव टाकलं की चिन्ह निघतं! अगं, आपल्या गावात घरटी पाटील. कुत्रं भुंकलं की गोठ्यात दडणारा बाळू, तोही पाटीलच. त्यालाही हाच सिंह देणार का तुझी वेबसाइट?

बरं, रागावत नाही. लग्नाच्या पत्रिकेवर छापायला काहीतरी आपलं हवं असं तुला वाटलं, यातच सगळं आलं. "आजी, आपण मूळचे कोण गं?" असं या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणून लिहितेय. तू वाच, आणि तुझ्यासारखी जी लांब गेलीत त्यांनाही वाचून दाखव.

आपण मूळचे नागावचे नाही, खारेपाटातले, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले. गाव सोडलं त्या दिवशी होडी थेट दारात लागली होती, यावरून काय ते समज. लग्न होऊन आले तेव्हा जिथे मी रात्याचा लाल भात कापला, तिथे आता खाडीतला जिताडा मासा फिरत होता. तुझा बाबा माझ्या कडेवर. आये, म्हणजे माझी सासू, देवांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. सगळे बसले, पण सासरे कुठे? बघतो तर कंबरभर पाण्यातून उघाडीकडे निघालेले. तुझे आजोबा ओरडले, "बाबा, आता कशाला? आत बी खाडी, भायेर बी खाडी!" म्हातारा गेला, झडपेत अडकलेला ओंडका ओढून काढला आणि भिजलेला येऊन होडीत बसला. एवढंच म्हणाला, "दार अडकलेला ठेवून निंगू न्हाय."

तुला उघाडी कुठून ठाऊक असणार? खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि त्या बांधातलं दार म्हणजे उघाडी. दगडांची मोरी, तिला खाडीच्या बाजूने लाकडी झडप. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचंच पाणी झडपेला दाबून बसतं, दार बंद. देवानेच आखून दिल्यासारखं काम. पण एखादी काटकी अडकली तरी झडप नीट बसत नाही, आणि सकाळी बघावं तर भातात खारं पाणी. म्हणून तिथे माणूस लागतो. तो माणूस पिढ्यान् पिढ्या आपल्या घरचा. कागदावर पाटील, पण गावात आम्हाला हाक 'उघाडीवाले'. मी नवी सून पाणवठ्यावर गेले की बायका म्हणायच्या, "आली गं उघाडीवाल्यांची, आता दार लावा!" आणि हसायच्या.

बांध का गेला विचारशील. कुणा एकामुळे नाही गेला. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की घरटी एक माणूस चिखल टाकायला यायचा, अशी रीत होती. मग पोरं कंपनीत लागली, कुणी मुंबईला, कुणी ट्रकवर. त्यांचंही बरोबरच होतं, पोट कुणाला चुकलंय? पण हाका मारल्या तरी बांधावर माणसं जमेनात. पुढच्या मोठ्या उधाणाला पाणी आत आलं ते आलंच.

नागावला आलो तर इथे सगळं गोड. विहिरीचं पाणी गोड, नारळाचं गोड, आम्ही तेवढे खारट! दुसऱ्याच्या वाडीत आधी शिंपणं, मग तिथेच घर, आणि आता बघ, त्याच जागेवर तुझ्या बाबाचा होमस्टे, एसी खोल्या, पुण्याचे पाहुणे. मी त्यांना चुलीवरची भाकरी करून घालते आणि ते माझे फोटो काढतात. सुखाचं आहे गं, खोटं कशाला बोलू? पण आये शेवटपर्यंत म्हणायची, "हितं कोन वळखतंय आपल्याला?"

आता तुझी ती वंशावळ. तू फोनवर विचारलंस, "सासऱ्यांचं नाव?" मी गप्प. तुला वाटलं रेंज गेली. अगं, जन्मात उच्चारलं नाही ते नाव, ते तोंडातून यायला वेळ नको? सासऱ्यांच्या वडलांचं विचारलंस तर मी म्हटलं, "त्यांना सगळे म्हातारा म्हणायचे." आणि तू तेच नाव म्हणून टाकलंस! आता वेबसाइटवर आपले पूर्वज म्हातारा पाटील. तुझे आजोबा असते तर आठवडाभर हसले असते. पण खरं सांगू, त्याच्या वर मला काहीच येत नाही. मान म्हणून बायकांनी नावं घेतली नाहीत, आणि त्या मानापायी नावंच बुडाली.

एक मात्र बुडालं नव्हतं. आपल्याकडे लग्न ठरलं की हळदीची पहिली अक्षत उघाडीला, मग गावदेवीला. देवीने रुसू नये म्हणून आये तिच्यापुढे दोन सुपाऱ्या जास्त ठेवायची. तुझ्या बाबाच्या लग्नात तिकडे जाता आलं नाही, सगळा चिखल. वाडीच्या विहिरीवर ठेवली अक्षत. आये पदराने डोळे टिपत राहिली.

म्हणून गेल्या महिन्यात बाबाला म्हटलं, ने मला. तो म्हणाला, "आई, काय बघणार तिथे?" तरी नेलं. गाव कुठलं? नुसती तिवरांची झाडी. बांधाचा उंचवटा तेवढा कळत होता, त्यावरून त्याचा हात धरून चालले. आणि मोरी सापडली गं! झडप नाही, पण दगड जागेवर. ओहोटी होती, पाणी खळखळ बाहेर चाललं होतं. मोरीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या बाटल्या आणि एक फांदी अडकलेली. बाबा फोनवर कुणा पाहुण्याला खोलीचा दर सांगत होता. बोलता बोलता वाकला, ती फांदी ओढली, बाटल्या काढल्या, हात पँटला पुसला, आणि बोलतच राहिला.

गाव सोडलं तेव्हा तो कडेवर होता. ओंडक्याची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती.

बाय, तुझ्या 'मूळचे कोण'चं उत्तर मला तिथे मिळालं. पत्रिकेवर तुझा सिंह छाप, छान दिसतोय. लग्नही तिकडेच कर, तुझा नवरा गोरा असो की काळा, आपले पोहे आवडणारा असला म्हणजे झालं. पण पहिली अक्षत तुझ्या हाताची हवी. मी जाऊन ठेवू शकले असते, मुद्दाम ठेवली नाही. माझ्यानंतर ती मोरी कुठे आहे हे दाखवणारं कुणी नाही, आणि माझे गुडघे आता चिखलाला घाबरायला लागलेत.

तेव्हा लग्नाआधी एकदा ये. मुंबईला उतरलीस की गेटवेहून मांडव्याची बोट धर, धक्क्यावर बाबा येईल. मी ओहोटी बघून ठेवते. लवकर ये हं.