‘रांग’चं भरभराटीचं वर्ष

सदर इसम मध्यम बांध्याचा असून वय पन्नाशीच्या अलीकडे, पण फार अलीकडे नाही. दिवसा एका विमा कार्यालयाच्या संगणक विभागात नोकरीस. उर्वरित वेळी ‘रांग’ या जागतिक प्रकल्पाचा संस्थापक, प्रमुख व्यवस्थापक, सुरक्षा अधिकारी आणि अधिकृत प्रवक्ता. इंटरनेटवर स्वतःच्या फोटोऐवजी कासवाचं चित्र लावल्यामुळे देशोदेशी ‘कासव’ या नावाने परिचित. हाताखालचा कर्मचारीवर्ग: निरंक. सदर इसमास घरातलं वॉशिंग मशीन लावता येत नाही.

दवाखान्यात किंवा सलूनमध्ये बाकावर बसलं की समोरच्या पडद्यावर ‘टिंग’ असा आवाज होऊन पुढचा नंबर झळकतो. तो झळकवण्याचं काम जी सॉफ्टवेअरं करतात, त्यांतलं एक ‘रांग’. ते ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा आणि कुणीही फुकट घेऊन जावा. फुकट मिळत असल्यामुळे लोक त्याबद्दल फार हक्काने भांडतात.

या भांडणांना शिस्त लागावी म्हणून कासवाने काही नियम घालून दिले होते. जे काही मागणं असेल ते इंटरनेटवरच्या एका उघड्या तक्रारपेटीत लिहायचं. तोंडी सांगितलेलं ऐकलं जाणार नाही. एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासून ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय ते झालं असं समजायचं नाही. आणि एखाद्या तक्रारीवर बरेच दिवस कुणी बोललं नाही, तर ‘बॉट’ नावाचा एक बिनपगारी यंत्र-कारकून ती आपोआप बंद करणार. नियम चांगलेच होते. ते घराच्या उंबऱ्याबाहेर राहिले असते तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

कासवाची बायको स्पीच थेरपिस्ट. आजारपणानंतर ज्यांची वाचा गेली किंवा अडखळली, त्यांना ती पुन्हा बोलतं करते. एका डॉक्टरांच्या दवाखान्यातली आतली खोली त्यासाठी तिला मिळाली होती. वर्षाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी सांगून टाकलं, की डिसेंबर संपला की आपण निवृत्त होणार आणि दवाखान्याला कुलूप.

“मला घरातली मागची खोली लागेल,” ती कासवाला म्हणाली. “रस्त्याचा आवाज येत नाही, दाराला पायरी नाही. चाकाची खुर्ची सरळ आत येते.”

“हो हो,” पडद्यावरची नजर न काढता कासव म्हणाला.

“हो हो म्हणजे?”

“म्हणजे... पेटीत लिहून ठेव ना.”

आपण काय बोललो हे त्याचं त्यालाही कळलं नाही. दिवसातून दहा जणांना तो हेच सांगायचा. बायको मात्र शब्दाची पक्की. तिने चहा संपवला, फोनवर खातं उघडलं आणि तक्रार नोंदवली.

‘मागची खोली वापरता येत नाही. चूक कशी दिसेल: दार उघडा. अपेक्षित: खोली. प्रत्यक्षात: गोदाम.’

कासवाने ती वाचली आणि त्याचं मन भरून आलं. इतकी नेमकी तक्रार वर्षानुवर्षांत कुणी लिहिली नव्हती. त्याने तिला लगेच ‘सुधारणा’ असं लेबल लावलं, ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ असा शेरा मारला आणि एक मोठं काम हातावेगळं केल्याच्या समाधानात तो झोपला.

मागच्या खोलीत कॉम्प्युटर होते. टेबलावर, टेबलाखाली, कपाटात, आणि दोन तर खुर्च्यांवर, पाहुण्यांसारखे बसलेले. सगळे म्हातारे. ‘रांग’ची नवी आवृत्ती जगासमोर सोडण्याआधी कासव ती या प्रत्येकावर चालवून बघायचा, कारण जगात कुठेतरी कुणीतरी अजून तसलाच कॉम्प्युटर वापरत होतं. कुठल्याशा बेटावरचा एक दंतवैद्य, एक न्हावी, जनावरांची एक डॉक्टरीण, होडीच्या धक्क्यावर तिकिटं विकणारी एक बाई. कॉम्प्युटरांना घरात याच नावांनी ओळखत. “दंतवैद्य आज परत गरम झालाय,” असं कासव जेवताना काळजीने म्हणायचा, आणि सासरे “डोक्यावर ओला रुमाल ठेव” असा सल्ला द्यायचे.

सासरे म्हणजे बायकोचे बाबा, निवृत्त बॉयलर निरीक्षक. मुलीकडेच राहायचे. सगळी नोकरी दुसऱ्याने केलेलं काम तपासण्यात गेली होती, त्यामुळे निवृत्तीनंतर हात शिवशिवत. लेकीने पेटीत तक्रार टाकल्याचं कळल्यावर त्यांनीही खातं उघडलं आणि ते तपासनीस म्हणून आपण होऊन रुजू झाले.

मग पेटीत घरच्या तक्रारींची भर पडत गेली. बेसिनचा नळ, मागच्या दाराची कुरकुर, स्नानघरातला दिवा. गंमत अशी, की या सगळ्या कामांना आधी कासव महिनोन् महिने दाद देत नसे. पण पेटीतली तक्रार ‘बंद’ झाली की नावापुढे हिरवी खूण यायची, आणि हिरव्या खुणेसाठी हा माणूस काहीही करायला तयार होता. त्याने पाना आणून नळ आवळला. सासऱ्यांनी शेरा लिहिला: ‘नळ. पूर्ण दाब देऊन पाहिला. गळती नाही. मंजूर.’ दाराच्या बाबतीत मात्र ते कडक राहिले: ‘बिजागरी. आवाज कमी झाला, गेला नाही. काम परत पाठवत आहे.’

खोलीचं घोंगडं तेवढं भिजत पडलं. बॉटच्या मते त्या तक्रारीवर कुणी बोलत नव्हतं, तेव्हा त्याने ती रीतसर बंद केली. बायको फोन घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“हा कोण? ‘आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल आभार’ म्हणतोय.”

“बॉट आहे तो. मीच लिहिलाय.”

“वाटलंच. गोड बोलून दार लावून घ्यायची पद्धत ओळखीची वाटली.”

तिने तक्रार पुन्हा उघडली. खाली लिहिलं: ‘अजून हवी आहे.’ काही दिवसांनी बॉटने पुन्हा आभार मानले. तिने पुन्हा उघडली. पावसाळा गेला, थंडी आली, हे चालूच. एकदा तिने नुसतं ‘डिसेंबर’ एवढंच लिहिलं.

“अगं, मी नाही म्हणतोय का?” कासव कळवळून म्हणाला. “पण दंतवैद्याला कुठे टाकू? त्याचा दवाखाना बंद पडेल!”

“आणि माझा?”

यावर कासवाने ‘चर्चा आवश्यक’ असं आणखी एक लेबल लावलं.

वर्ष सरत आलं तसं कासवापुढे दुसरंच संकट उभं राहिलं. दर वर्षाच्या शेवटी तो प्रकल्पाच्या प्रगतीचा आढावा जाहीर करायचा, आणि त्याच दिवशी दुपारी, दर महिन्याच्या ऑनलाइन बैठकीत, जगभरची मंडळी त्याच्यावर बोलायची. यंदा प्रगती शोधूनही सापडेना. वर्षाचा बहुतेक काळ ‘टिंग’ हा आवाज बदलून ‘टुंग’ करावा का, या वादात गेला होता, आणि त्यात दोन्ही बाजू न थकता मूळ जागी परत आल्या होत्या. तेव्हा कासवाने त्याच्या जातीचा माणूस करतो तेच केलं. आढावा लिहायचा कंटाळा आला, म्हणून आढावा लिहिणारा प्रोग्रॅम लिहिला, ज्याला आढाव्याच्या तिप्पट वेळ लागला. पेटीत मंजूर होऊन बंद झालेली सगळी कामं गोळा करायची, त्यांची उत्साही वाक्यं बनवायची आणि शेवटी सर्वाधिक गाजलेली मागणी नोंदवायची, एवढंच त्या प्रोग्रॅमचं काम. प्रोग्रॅम न अडखळता चालला, हे कासवाने दोनदा तपासलं. त्याने काय लिहिलं, ते वाचलं नाही. वाचायचे कष्ट वाचावेत म्हणूनच तर तो लिहिला होता.

रविवारी सकाळी आढावा जगापुढे गेला.

‘‘रांग’साठी हे वर्ष अभूतपूर्व ठरलं! एकच नंबर दोनदा पुकारला जाण्याची चूक सुधारली. बेसिनची गळती पूर्णपणे थांबली असून पूर्ण दाबावर चाचणी यशस्वी. मागच्या दाराचा आवाज तिसऱ्या प्रयत्नात नाहीसा झाला. स्नानघर आता प्रकाशमान आहे. वर्षभरात सर्वाधिक चर्चा झालेली आणि सर्वाधिक वेळा पुन्हा उघडलेली मागणी: मागची खोली. सद्यस्थिती: प्रलंबित.’

दुपारी बैठकीला एवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. कासव खुशीत आला. वाटलं, ‘टुंग’चा प्रश्न पेटला असणार.

“अभिनंदन!” न्हावी म्हणाला. “फक्त एक विचारायचं होतं. गळती थांबवणारा भाग वेगळा बसवावा लागतो का? माझ्या दुकानातली अजून चालूच आहे.”

“कसली गळती?”

“आढाव्यात आहे ना. पान वर घे.”

कासवाने पान वर घेतलं. मागे खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी चष्मा पुसून पडद्यात डोकं घातलं आणि ते म्हणाले, “बरोबर आहे सगळं. मीच तपासलंय.”

कासवाचा चेहरा त्याच्या चित्रासारखा आत जाऊ लागला. पण मंडळी त्याला सोडायला तयार नव्हती. इतक्या वर्षांत ज्याच्याबद्दल फक्त ‘टिंग’ एवढंच माहीत होतं, त्या माणसाला बेसिन आहे, हे कळून सगळ्यांना फार आनंद झाला होता. शेवटी होडीच्या धक्क्यावरची तिकीटवाली म्हणाली, “ते राहू दे. ती खोलीची तक्रार कुणी लिहिली? ‘अपेक्षित: खोली. प्रत्यक्षात: गोदाम.’ मला तिला बघायचंय.”

बायको हात पुसत आली आणि कासवाला कोपराने सरकवून कॅमेऱ्यासमोर बसली.

“मी लिहिली. माझ्याकडे एक बस ड्रायव्हर येतात,” ती म्हणाली. “अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलणं गेलं होतं. आत्ता कुठे बायकोला नावाने हाक मारतात. मध्येच थांबलं तर तेही जाईल. हा महिना संपला की त्यांना बसवायला माझ्याकडे जागा नाही. खोलीत तुमचे कॉम्प्युटर आहेत.”

“आमचे?” दंतवैद्याने विचारलं.

“तुमचा दाराजवळ आहे. सारखा गरम होतो.”

पडद्यावरच्या चौकोनांत चुळबुळ सुरू झाली. मग दंतवैद्याने घसा खाकरला.

“कासवा, रागावू नकोस. मी तो कॉम्प्युटर केव्हाच टाकला. खरं तर दवाखानाही विकला. मी आता मधमाश्या पाळतो.”

“मग तू... दर महिन्याला बैठकीला कशाला येतोस?”

“सवय. आणि मधमाश्या फारशा बोलत नाहीत.”

एकाने तोंड उघडल्यावर बाकीच्यांना धीर आला. न्हाव्याने नंबरचा पडदा काढूनच टाकला होता. एकच खुर्ची, समोर बसलेली चार माणसं, नंबर कोण कुणाला देणार? जनावरांच्या डॉक्टरिणीने दोन वर्षांपूर्वी नवीन यंत्र घेतलं होतं.

“अरे, मग सांगायचं नाही का?” कासव ओरडला. “मी इथे तुमच्यासाठी पंखे बदलतोय!”

“तू इतक्या मायेने सांभाळत होतास,” डॉक्टरीण म्हणाली. “तुला वाईट वाटलं असतं. आम्ही आपसात ठरवलं होतं, की काही बोलायचं नाही.”

कासवाने आजूबाजूला पाहिलं. बायको हसत नव्हती, हे जास्त लागलं.

“मी वापरते,” तिकीटवाली म्हणाली. “तोच जुना. पण माझ्यासाठी तू तिथे कशाला एक ठेवायचा? मी इथेच माझ्या खिडकीत तपासत जाईन. चाव्या मात्र द्याव्या लागतील.”

चाव्या म्हणजे नवी आवृत्ती जगासमोर सोडण्याचा अधिकार. प्रकल्प सुरू झाल्यापासून तो एकट्या कासवाकडे होता. लग्नातही त्याने हा चाव्यांचा लॅपटॉप हातातून सोडला नव्हता, फोटोत दिसतो. त्याने तोंड उघडलं. ‘चर्चा आवश्यक’ हे शब्द ओठांवर आलेले सगळ्यांना दिसले.

“जावईबापू,” मागून सासरे म्हणाले, “बॉयलरची सगळी बटणं आपल्याच हाताखाली हवीत असं म्हणणारा एक जण होता आमच्याकडे. रजेवर गेला आणि तीन दिवस अख्खा कारखाना थंड.”

“तो परत आल्यावर काय झालं?”

“त्याला कुणी विचारलं नाही. तोवर दुसऱ्याने शिकून घेतलं होतं.”

कासवाने बायकोकडे पाहिलं. तिने काही मागितलं नाही. लिहून झालं होतं. त्याने लॅपटॉप ओढला, तिकीटवालीचं खातं शोधलं, आणि बटणावर बोट बराच वेळ नुसतंच धरून ठेवलं. पलीकडे दंतवैद्य कंटाळून पाणी प्याला. मग बोट खाली गेलं.

“आल्या,” तिकीटवाली म्हणाली. “एवढंच होतं?”

“एवढंच,” कासव म्हणाला.

आठवडा संपायच्या आत भंगार गोळा करणारा टेम्पो आला. दंतवैद्य, न्हावी, डॉक्टरीण, तिकीटवाली अशी सगळी मंडळी एकावर एक रचून रवाना झाली; कासव टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभा होता. सासऱ्यांनी रिकाम्या खोलीत जाऊन टाळ्या वाजवल्या, भिंतीला कान लावला आणि फोनवर शेरा लिहिला: ‘खोली. दार उघडते. आवाज घुमतो. पडदे लावल्यावर मंजूर.’ पडदे लागले. नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी बस ड्रायव्हर चाकाच्या खुर्चीतून सरळ आत आले आणि दाराशी उभ्या असलेल्या कासवाला, एकेक अक्षर जुळवत, “पु... ढे... स... र... का” म्हणाले. बायकोला इतका आनंद झाला की कासवाने वाईट वाटून घ्यायचं लांबणीवर टाकलं.

त्याच महिन्यात तिकीटवालीने नवी आवृत्ती सोडली. ‘टिंग’चं ‘टुंग’ झालं. कुणाची तक्रार आली नाही.

‘रांग’ या जागतिक प्रकल्पाचं मुख्यालय सध्या स्वयंपाकघरात, फ्रीजला लागून हलवण्यात आलं आहे. कुणाला फ्रीज उघडायचा असला की प्रमुख व्यवस्थापकांना उठावं लागतं.