गोजराबाईने न ऐकलेली बातमी

आमच्या रिठद गावात भावकीतलं कुणी गेलं, की सुतक कुणाला आणि किती दिवस, हे गोजराबाई सांगते. सत्तरीची बाई, बोटांच्या पेरांवर सात पिढ्या मोजते आणि एकदा बोलली की विषय संपला. सुतकात देऊळ नाही, कुंकू नाही, घरात लग्नकार्य नाही. पण सोयाबीन काढायला मळणीयंत्र दारात उभं असलं तर? "अन्नाले कायचं सुतक?" डेअरीचं दूध? "ते कॅनमंदी जाते." मी तिच्याच भावकीतला. एकदा मुद्दाम विचारलं, मोबाईलवर आरती पाहिली तर चालते का? जरा विचार करून म्हणाली, "पाह्य, पण हात नोको जोडू." मी घरी येईपर्यंत हसलो. हात मात्र जोडले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी भावकीतल्याच चंदाच्या लग्नाला तीन दिवस उरले असताना पुण्याहून फोन आला. भावकीतला कुणी तिकडे वारला होता. त्याला गावात कुणी पाहिलंही नव्हतं. चंदाची आई पंचफुला पदर पसरून म्हणाली, "आत्याबाई, फोन आलाच नाही समजा ना."

"सुतक ऐकल्यापासून लागते," गोजराबाई म्हणाली. "आपुन ऐकलं."

मुहूर्त हुकला, लग्न चार महिने पुढे गेलं. पंचफुलाची म्हातारी आई नातीवर अक्षता टाकायच्या म्हणून जीव धरून होती. ती तेवढ्यात गेली. तेव्हापासून पंचफुला गोजराबाईशी कामापुरतंच बोलायची. मला विचाराल तर तेही जास्तच होतं.

यंदा रूपालीचं लग्न निघालं. रूपाली म्हणजे गोजराबाईची नात, मुलाची मुलगी. नवरदेव फौजेत. लग्न रविवारी, सोमवारी त्याची सुट्टी संपणार, पुढची वर्षभराने. आणि नेमके त्याच आठवड्यात भावकीतले सगळ्यात म्हातारे, ब्याण्णव वर्षांचे जानराव अंथरुणाला खिळले.

गोजराबाईने त्यांच्या खाटेशी ठाणच मांडलं. सकाळी मुगाचं वरण, दुपारी मोसंबी, आणि म्हाताऱ्याचा डोळा लागला की नाकाशी बोट. जानरावांना आपला भाव वधारलेला कळायला वेळ लागला नाही.

"गोजरे, जिलबी खावाशी वाटून राह्यली."

जिलबी आली.

"पाय दुखून राह्यले वं."

पाय चेपणं सुरू झालं.

"मी मेलो तं सुतक किती?"

"तुमचं? लई दूरचं नातं हाय आपलं, मामाजी."

"अन तो पुण्यावाला काय सख्खा होता?"

गोजराबाईने पाय जरा जोरातच चेपले.

रविवार उजाडला. लग्न साडेअकराचं. अकराला मांडवात जानरावांचा नातू हरीओम शिरला. पन्नाशीचा गडी, धापा टाकत होता. "मोठेमाय, आजा..."

"नोको बोलू!" गोजराबाईने दोन्ही कानांवर हात दाबले. तिच्या मुलाने हरीओमच्या तोंडात बुंदीचा लाडू कोंबला. तो कसाबसा गिळून हरीओम म्हणाला, "अवो, आजानं..." दुसरा लाडू गेला. तिसरा मी दिला, आणि दंडाला धरून त्याला पाण्याच्या पिंपाकडे नेलं. भावकीने भोवती कडं केलं. सगळ्यांना सगळं समजलं होतं आणि कुणीच काही ऐकलं नव्हतं.

बँडवाल्यांपाशी पंचफुला उभी होती. तिचं लक्ष इकडेच होतं. तिने एक हाक मारली असती, "जानराव गेले वं!" तर नवरदेव उद्या एकटाच गाडीत बसला असता. आणि तिला तो हक्क होता. गोजराबाईनेही तिला पाहिलं. तिचे हात कानांवरून आपोआप खाली आले.

पंचफुलाने घटकाभर तिच्याकडे पाहिलं. मग बँडवाल्यांकडे वळून ती ओरडली, "पाह्यता काय? वाजवा! जोरानं!"

ढोल असे घुमले की मंगलाष्टकांचा एक शब्द ऐकू आला नाही. भटजींनी शेवटी हातानेच खूण केली आणि आम्ही अक्षता उधळल्या. रूपालीचं लग्न लागलं.

हार घालून होतात तोच मांडवापाशी ऑटो थांबला. आतून कोरं धोतर, डोक्याला फेटा, असे जानराव उतरले. अर्धी भावकी मागे सरली. एक बाई तर किंचाळलीच.

"गाडी पाठवा म्हून निरोप धाडला, तं पोराले लाडू चारत बसले!" जानराव कडाडले. "लगन लागूनबी गेलं काय?"

हरीओमने तोंडातला कितवातरी लाडू गिळला आणि म्हणाला, "तेच तं सांगून राह्यलो होतो!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. भटजी खाली बसले. नवरदेवाच्या मुंडावळ्या सुटल्या. गोजराबाई पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसू थांबलं तरी पाणी थांबलं नाही. जानराव जिलबीसाठी हाका मारत होते, तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती सरळ पंगतीत वाढणाऱ्या पंचफुलासमोर जाऊन उभी राहिली.

"तवा मी काहून ऐकलं वं?" ती म्हणाली.

 पंचफुलाने वरणाची बादली गोजराबाईच्या हातात दिली, आपण भाताचं घमेलं घेतलं, आणि दोघी त्याच पंगतीत वाढत पुढे गेल्या.