आबाजींचा डोंग्याला हात

डोंगा, म्हणजे आमची लाकडी होडी, तलावातून काठावर ओढायला कितीसा वेळ लागतो? पण त्यावरच्या गप्पा चहाच्या टपरीवर दिवसभर पुरतात. उद्या पुन्हा ओढायचाच असतो, म्हणजे किस्से काही संपत नाहीत.

आमच्या ढिवर मोहल्ल्याची, म्हणजे मासेमाऱ्यांच्या वस्तीची, रीत अशी, की डोंगा वर आणून खाली ठेवायच्या आत ज्याचा हात त्याला लागला, त्याला मासोळीचा वाटा. एकदा आमच्यातल्या फागूचा जावई सडक अर्जुनीहून पांढरी पँट घालून आला. हात लावला अन् चिखलात बसला. फागूची पोरगी कपाळाला हात लावून उभी, अन् हा बसल्याबसल्या म्हणतो, "हात सोडला नाई जी मी. माहा वाटा काढा!"

एकदा आम्ही जोर लावून राहिलो, डोंगा हलेचना. दसरूआबाजी, आमच्यातले सगळ्यात म्हातारे, तलावाच्या पाळीवर, बांधावर, बिडी ओढत बसले होते. शेवटी म्हणाले, "मांगचा दोर तलावातल्या खुटीले बांधूनच हाये. तलाव घरी न्याचा हाये काय?"

मागच्या हिवाळ्यात आबाजींना दम लागायला लागला. ओढणं बंद झालं. फागूनं घरी मासोळी नेऊन दिली, तर परत. "हात नाई लावला, तं वाटा कायचा? मी मांगून खातो काय?" घरी ते अन् आजी, दोघंच. मासोळीशिवाय आबाजींना जेवण जात नाही, हे सगळ्यांना माहीत. फार वाईट वाटलं.

मग ते काठी टेकत काठावर यायला लागले. डोंग्याला हात लावायचे, म्हणजे अंगाचा सगळा भारच टाकायचे. फागू माझ्या कानात म्हणाला, "आपुन डोंगा ओढून राहिलो का आबाजीले?"

"दोघायले. ओढ चुपचाप."

गेल्या महिन्यात आबाजींनी अंथरूण धरलं. आजी काठावर येऊन रडली, "दोन घासबी खात नाई जी." पाठवलेली मासोळी पुन्हा परत आली होती.

त्या सकाळी आम्ही डोंगा काठावर आणला, पण टेकवला नाही. खांद्यावर घेतला, पाळ उतरलो, गल्लीत शिरलो. लोक विचारत होते, "काऊन जी, डोंगा कुठं?" आम्ही चालत राहिलो. आबाजींची खाट अंगणात उन्हाला टाकली होती, तिच्याजवळ जाऊन थांबलो. खांदे भरून आले होते.

फागू म्हणाला, "आबाजी, अजून खाली ठेवला नाई."

आबाजी कोपरावर टेकून थोडे उठले. मग हात लांब करून डोंग्याला लावला अन् आजीला म्हणाले, "मसाला वाट वो, मासोळी येऊन राहिली."